स्विचच्या 'सिस्टीम इन्फर्मेशन' पानात तुम्ही काय भरता?

लॅबवाला | सोमवार, रात्री १०:५२

मंडळी, तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात मी संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. जूनमध्ये आधीचे सर निवृत्त झाले आणि 'तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना' एवढ्या भांडवलावर नेटवर्क माझ्या गळ्यात पडलं. किल्ल्यांचा जुडगा आणि एक वही मिळाली. वहीत १४ आयपी पत्ते आणि दोन पासवर्ड. त्यातला एक चालतो.

डेडस्टॉक रजिस्टरला १४ मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या, लॉगिन करून सांभाळता येणाऱ्या पेट्या) आहेत, तीन कंपन्यांचे. लॉगिन केलं की पहिलं उघडतं ते सिस्टीम इन्फर्मेशनचं पान: नाव, लोकेशन, कॉन्टॅक्ट, सीरियल नंबर, मॅक (यंत्राचा पक्का पत्ता), फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर), तारीख-वेळ, अपटाइम (किती काळ सलग चालू आहे). अकरा जणांचं नाव नुसतं 'स्विच'. लोकेशन बहुतेक ठिकाणी रिकामं, एकात रोमन लिपीत 'सरांच्या केबिनबाहेर'. कुठल्या सरांच्या, ते स्विचलाच ठाऊक. घड्याळांची तर जत्रा आहे, एकावर १९७० चालू आहे, तिघांवर १९९३.

तर प्रश्न असे.
१. नाव, लोकेशन, कॉन्टॅक्ट ही तीन खणं भरून प्रत्यक्षात काही होतं का? नाव बदललं तर चालू नेटवर्क बसणार तर नाही ना?
२. ग्रंथालयातल्या स्विचचा अपटाइम शनिवारी ४९६ दिवस होता. आज बघतो तर एक दिवस न् काही तास. पण रविवारी कुणी गेलंच नव्हतं आणि लाइटही गेली नव्हती. भूत का?

---

वायरमन | सोमवार, रात्री ११:०४

जागा राखीव. जेवून येतो.

---

पॅचकॉर्ड | सोमवार, रात्री ११:२०

दुसऱ्याचं आधी सांगतो, कारण ते मजेशीर आहे. भूत नाही, भागाकार आहे.

स्विच एसएनएमपीत (यंत्रांवर दुरून नजर ठेवायच्या पद्धतीत) जो 'सिस-अपटाइम' सांगतो तो सेकंदांत नसून सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलेला असतो, आणि तो आकडा ठेवायला जागा ३२ बिटांची. म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ पर्यंत मोजून झालं की पुन्हा शून्य. शंभराने भागा, मग ८६,४०० ने भागा: ४९७ दिवस, २ तास, २७ मिनिटं आणि वर काही सेकंद. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसंच. तुमच्या स्विचचं वेबपान तोच आकडा दाखवत असणार.

खात्री करायची तर लॉग उघडा. खरंच बंद पडून चालू झाला असेल तर सगळे पोर्ट एकदम 'अप' झाल्याच्या नोंदी लागोपाठ दिसतील. दिसल्या नाहीत तर निवांत झोपा. सिस्को असेल तर 'शो व्हर्जन' द्या, तिथला अपटाइम वर्षं-आठवड्यांत येतो आणि ४९७ ला उलटत नाही. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टंकताना तुम्ही रोमनमध्येच टंका. मागे एकाने खरंच विचारलं होतं.)

---

उगाच_एक | सोमवार, रात्री ११:२६

म्हणजे स्विचलाही साधारण दीड वर्षाने सगळं विसरून नव्याने सुरुवात करता येते. आमचं लग्नाला बावीस वर्षं झाली, बायकोचा काउंटर ६४ बिटांचा आहे.

---

टेराबाईट | सोमवार, रात्री ११:४१

@पॅचकॉर्ड, बरोबर, फक्त एक पुरवणी. एसएनएमपी आवृत्ती ३ च्या चौकटीत 'इंजिन टाइम' म्हणून वेगळा आकडा असतो, तो सरळ सेकंदांत. तो ६८ वर्षं पुरतो. देखरेखीची काही सॉफ्टवेअरं म्हणूनच दोन्ही आकडे बघतात आणि 'स्विच रीबूट झाला' अशी खोटी बोंब टाळतात.

@लॅबवाला, पहिल्या प्रश्नाबद्दल. ही तीन खणं आजकालची नाहीत. १९९१ च्या आरएफसी १२१३ या मानकात 'सिस्टीम' नावाचा गट आहे: वर्णन, ऑब्जेक्ट आयडी, अपटाइम, कॉन्टॅक्ट, नाव, लोकेशन, सेवा. त्याचा पत्ता १.३.६.१.२.१.१, आणि पुढे ४ म्हणजे कॉन्टॅक्ट, ५ म्हणजे नाव, ६ म्हणजे लोकेशन. सातांपैकी हे तीनच लिहिता येतात, बाकीचे नुसते वाचायचे. म्हणून कुठल्याही कंपनीचा स्विच घ्या, हीच तीन खणं सापडणार. शेवटचं 'सेवा' म्हणजे एक आकडा असतो, साध्या लेयर-२ (नुसता मॅक पत्ता बघणाऱ्या) स्विचचा २ आणि राउटिंगही करत असेल तर ४ मिळवून ६. त्याचा उपयोग कुणाला झाल्याचं मी पाहिलं नाही, पण पाठ आहे.

---

कोपरकर | मंगळवार, सकाळी ७:१५

नाव बदलल्याने वाहतुकीवर काही परिणाम होत नाही. फ्रेम (डेटाचं पाकीट) मॅक पत्ता बघून जाते, नाव बघून नाही. परिणाम होतो तो भोवतीच्या गोष्टींवर. रात्री कॉन्फिगरेशनचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट प्रॉम्प्टमधलं (आज्ञेच्या ओळीच्या सुरुवातीचं) जुनं नाव शोधत असेल तर ती ताटकळत बसेल. तुमच्याकडे असली स्क्रिप्ट असेल असं वहीच्या वर्णनावरून वाटत नाही, दिवे घ्या.

आणि हो, सेव्ह करा. वेबपानावर 'अप्लाय' दाबलं म्हणजे बदल चालू कॉन्फिगरेशनमध्ये गेला, बूट होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये नाही. बऱ्याच स्विचवर वर उजव्या कोपऱ्यात 'सेव्ह' वेगळं असतं, सिस्कोवर 'राइट मेमरी'. मी एकदा ३० स्विचची नावं दोन दिवस खपून बदलली. तिसरा दिवस गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. शुक्रवारी सगळे पुन्हा 'स्विच'.

---

वायरमन | मंगळवार, सकाळी ९:३०

जेवून झोपलो.

नावांबद्दल माझं ठाम मत: गडांची नावं द्या. आमच्याकडे कोअर (मुख्य) स्विच राजगड, मजल्यांवर तोरणा, पुरंदर, लोहगड. लक्षात राहतात, फोनवर सांगायला सोपी, आणि काम करताना जरा उत्साह येतो.

---

चष्मिस | मंगळवार, सकाळी ९:५२

सपशेल असहमत. आमच्या आधीच्या टीमनेही गडच ठेवले होते. रात्री दोनला मेसेज येतो, 'पुरंदर डाउन'. नवीन पोरगा विचारतो, सर पुरंदर कितव्या मजल्यावर? ज्याने बारसं केलं तो कंपनी सोडून गेलेला. नावातूनच इमारत, मजला, अनुक्रम कळला पाहिजे. प्रशासकीय इमारतीचं लघुरूप, 'एम-२', '०१', मध्ये आडव्या रेघा. जागा सोडायची नाही, अंडरस्कोअर नाही. यजमान-नावाचा जुना नियम अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढ्यालाच परवानगी देतो. पाळलात तर पुढे डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यादीत) घालताना त्रास नाही.

---

खवचटराव | मंगळवार, सकाळी १०:०१

गड आला पण पोर्ट गेला.

---

वायरमन | मंगळवार, सकाळी १०:१०

@चष्मिस, त्यासाठीच तर खाली लोकेशनचं खण आहे! नाव हाक मारायला, लोकेशन पत्त्याला. पोराला तुम्ही 'फ्लॅट-३०२-०१' म्हणता का?

---

चष्मिस | मंगळवार, सकाळी १०:१४

पोरगं हरवलं तर शोधायला बाहेरच्या ठेकेदाराचा माणूस येत नाही. स्विचसाठी येतो.

---

विदर्भी_ऊन | मंगळवार, दुपारी १:३३

ठेकेदाराच्या माणसावरून आठवलं. हा किस्सा मी कितीदा सांगितला असेल, तरी सांगतो.

एका कार्यालयात आमच्या जुन्या साहेबांनी लोकेशनच्या खणात रोमन लिपीत 'जिन्या खाली' लिहून ठेवलं होतं, दोन शब्दांत. तीन स्विच होतेच जिन्याखाली, लाकडी कपाटात. पुढे साठ्याची मोजणी करायला भोपाळचा एक इंजिनिअर आला. भला माणूस, हिंदीभाषक. त्याने यादी काढली, लोकेशनचा रकाना वाचला आणि 'खाली' म्हणजे रिकामा समजला. 'जिन्या'चा अर्थ त्याला लागला नाही, ते त्याने कुठल्यातरी विभागाचं नाव धरलं. तीन स्विच 'खाली' आहेत, म्हणजे वापरात नाहीत, असा शेरा मारला, आणि दोन तर चक्क काढून गाडीत ठेवले. दिवे लुकलुकत होते हो त्यांवर! त्यावर त्याचं म्हणणं, 'दिखने को तो सब चालू ही दिखता है.'

दुपारपर्यंत पेन्शन विभाग बंद.

तेव्हापासून मी लोकेशन इंग्रजीत लिहितो, आणि खोली क्रमांक दारावर रंगवलेला असेल तोच.

---

उगाच_एक | मंगळवार, दुपारी १:४०

हसून हसून मेलो. 'माळा'चं स्पेलिंग कुणी 'मला' केलं असतं तर स्विच घरी नेला असता.

---

लॅबवाला | मंगळवार, दुपारी ४:०५

सगळ्यांचे आभार. लॉग पाहिला. रविवारी एकही पोर्ट खाली-वर झालेला नाही, म्हणजे ४९७ चाच खेळ.

@विदर्भी_ऊन, मग देवनागरीतच लिहिलं तर? एका स्विचवर 'ग्रंथालय, तळमजला' लिहून पाहिलं, वेबपानावर छान दिसतंय.

---

टेराबाईट | मंगळवार, सायंकाळी ५:१८

वेबपानावर दिसेल, कारण तिथे ब्राउझर तुमच्या बाजूने आहे. मानकाप्रमाणे मात्र ही खणं साध्या आस्की, म्हणजे इंग्रजी, अक्षरांची, जास्तीत जास्त २५५. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजायची. आता 'एसएनएमपी-वॉक' (ही खणं वाचणारी आज्ञा) करून बघा: लोकेशनच्या जागी हेक्स आकड्यांची रांग येईल, दर तीन बाइटांच्या सुरुवातीला 'ई-शून्य'. काही स्विच तर सेव्ह करताना निम्म्यात तोडतात. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण या खणात नको. कपाटावर मोठ्या देवनागरीत पाटी लावा, ती चालेल.

---

मुक्काम_दोहा | मंगळवार, रात्री ८:४७

सगळे नाव-गावात अडकलेत, घड्याळाकडे कुणाचं लक्ष नाही. मला विचाराल तर त्या पानावरची सगळ्यात महत्त्वाची ओळ तारीख-वेळेची.

१९९३ दाखवणारे तीन सिस्को असणार. बऱ्याच मॉडेलांत घड्याळाला बॅटरी नसते, वीज आली की १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात. १९७० वाला युनिक्सच्या शून्यापासून. अशा स्विचचा लॉग वाचणं म्हणजे पंचांग न बघता मुहूर्त काढणं. चोरी कधी झाली? १९९३ साली, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात.

तुम्ही भारतात आहात तर हा नुसता हौसेचा मामला नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला निर्देश काढले. त्यात घड्याळं एनआयसी (सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी सांगड असलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस ठेवायचे आणि ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांत कळवायच्या. एनआयसीचा सर्व्हर 'समय१ डॉट एनआयसी डॉट इन'. प्रत्येक स्विच थेट बाहेर पाठवू नका. आत एकच यंत्र बाहेरून वेळ घेऊ दे, बाकीच्यांना त्याच्याकडे बोट दाखवा. टाइमझोन अधिक ५:३०, आणि उन्हाळी वेळेची खूण काढून टाका.

---

पॅचकॉर्ड | मंगळवार, रात्री ९:२२

+१. पण एक. मी स्विच यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) ठेवतो, आयएसटी (भारतीय वेळ) फक्त बघताना. तीन देशांतले लॉग एकत्र आले की साडेपाच तासांची बेरीज-वजाबाकी करताना डोकं फिरतं.

---

मुक्काम_दोहा | मंगळवार, रात्री ९:२९

तुमचे तीन देश. त्यांचं एक कॉलेज. शिपाईमामांनी 'साहेब, साडेदहाला नेट गेलं' म्हटल्यावर त्यांना पाच वाजताच्या नोंदी शोधायला लावू नका.

---

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:१२

इथे एक भयानक गोष्ट कुणालाच खटकलेली नाही. ४९७ दिवस अपटाइम म्हणजे ४९७ दिवस फर्मवेअरला हात लागलेला नाही. मीटर आधी किती वेळा उलटलंय तेही माहीत नाही!

लोक अपटाइम मिरवतात. २०१८ चं आठवा. सिस्कोच्या 'स्मार्ट इन्स्टॉल' सोयीतल्या भोकावर उतारा मार्चअखेर आला होता, आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात इराणमधल्या डेटा सेंटरांतले हजारो स्विच कोरे झाले. कॉन्फिगरेशनच्या जागी अमेरिकेचा झेंडा, अक्षरांनी काढलेला. त्या सोयीचा पोर्ट ४७८६ (वायरीचा नव्हे, सॉफ्टवेअरमधला) उघडा ठेवून बसलेले ते सगळे, त्यांचाही अपटाइम झकासच असणार.

तेव्हा त्या पानावरची फर्मवेअर आवृत्ती आधी बघा, कंपनीच्या साइटवरच्या आवृत्तीशी ताडून पाहा. नाव-बिव नंतर.

---

कोपरकर | बुधवार, सकाळी ७:०२

फर्मवेअरबद्दल सहमत, घाईबद्दल नाही. पासवर्ड एकच माहीत, बॅकअप नाही, आणि माणूस नवा. आज चढवायला गेला आणि मधेच लाइट गेली तर तो स्विच पेपरवेट. आधी चौदाही कॉन्फिगरेशन उतरवून घ्या. मग सुट्टीत, यूपीएसवर, एकेक.

---

चष्मिस | बुधवार, सकाळी १०:३५

सुरक्षेचं निघालंच आहे तर: लोकेशन, कॉन्टॅक्ट भरायच्या आधी एसएनएमपीची कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) 'पब्लिक' आहे का बघा. असेल तर तुम्ही भरलेलं सगळं कुठलाही विद्यार्थी एका आज्ञेत वाचेल. लिहिण्याची 'प्रायव्हेट' तशीच असेल तर तोच तुमच्या स्विचचं बारसं करेल. आवृत्ती ३ वापरा, जमत नसेल तर निदान कम्युनिटी बदला आणि फक्त तुमच्या यंत्राच्या आयपीला परवानगी द्या.

एलएलडीपी (शेजारच्या यंत्राला आपली ओळख सांगायची पद्धत) मात्र पासवर्ड विचारत नाही. पोर्टवर चालू असेल तर जो कुणी वायर खोचेल त्याला नाव आणि मॉडेल आपणहून सांगतो. विद्यार्थ्यांच्या पोर्टवर बंद करा. आयपी फोन असलेल्या पोर्टवर नको, फोन त्यावरूनच व्हॉइस व्हीलॅन (आवाजासाठी राखलेलं वेगळं नेटवर्क) ओळखतात. (मी बंद केलं होतं. रिसेप्शनच्या बाईंनी तीन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं, फोनवरही आणि समोरही.)

---

विदर्भी_ऊन | बुधवार, दुपारी २:२०

तापमानाची ओळ दिसते का पानावर? आमच्याकडे मे महिन्यात मी सकाळ-दुपार तीच बघतो. लहान स्विच बहुतेक ४० नाहीतर ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात आणि अकोल्यात तेवढं तर बाहेर सावलीत असतं. लाकडी कपाटाचं दार काढून जाळी लावली, आकडा नऊ अंशांनी उतरला. पण आत ५५ दिसलं म्हणून घाबरू नका, तो सेन्सर चिपशेजारी असतो. माणसाचं ३७ तसं त्याचं ५०-५५. चढता आकडा वाईट.

---

लॅबवाला | शुक्रवार, रात्री ११:१८

अहवाल सादर.

कॉन्फिगरेशन १४ पैकी १३ उतरवली. चौदाव्याचा पासवर्ड लागेना म्हणून कन्सोल वायर (लॅपटॉपवरून थेट स्विचला जोडायची) लावली तर पडद्यावर चिनी-जपानी कचरा. वेग ९६०० ठेवला होता, हा टीपी-लिंकचा जेटस्ट्रीम निघाला, त्याला ३८,४०० लागतो. तेवढं बदलल्यावर माणसासारखा बोलायला लागला. पासवर्ड शेवटी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर सापडला, दूधवाल्याच्या हिशेबाखाली.

नावं चष्मिस म्हणतात तशी दिली. (वायरमन, माफ करा. कोअर स्विचच्या लॉगिन बॅनरवर मात्र 'राजगड' लिहिलंय.) घड्याळं जुळली. दोन ठिकाणी सेव्ह करायचं विसरलो आणि काल लाइट गेली. काल गुरुवार होता.

आता खरी गंमत. नावं दिल्यावर कोअरवर एलएलडीपीचे शेजारी पाहिले, तर १४ चे १३ शेजारी यायला हवेत, आले १४. चौदाव्याचं नाव 'स्विच', पान उघडलं तर लोकेशन तेच, 'सरांच्या केबिनबाहेर'. मी समजत होतो की हे लोकेशन असलेला एकच आहे, तर तसे दोन आहेत. शिपाईमामांना विचारलं. ते म्हणाले, सरांची केबिन २०११ पर्यंत जिमखान्यात होती. गेलो. कॅरमबोर्डांच्या थप्पीमागे, भिंतीला, कोळिष्टकांत, चोवीस पोर्टचा. दिवे हिरवेगार. पानावरचा सीरियल नंबर रजिस्टरशी ताडला: 'नादुरुस्त, निर्लेखित' असा शेरा, खाली समितीच्या तीन सह्या. आणि वसतिगृहाचं अख्खं नेट त्याच्यावर चालतंय.

आता रजिस्टरला घ्यायचा कसा? मेलेल्याला जिवंत करायचा रकाना त्यात नाही.

---

खवचटराव | शुक्रवार, रात्री ११:२५

अपटाइम किती होता त्याचा?

---

लॅबवाला | शुक्रवार, रात्री ११:२७

२१२ दिवस. पण आता तुम्ही सगळ्यांनी शिकवल्यावर, अधिक ४९७ गुणिले किती कोण जाणे.

---

टेराबाईट | शनिवार, सकाळी ८:४०

रजिस्टरचं लेखापालांवर सोडा. पण तो काढू नका, हलवूही नका, आधी त्याचं कॉन्फिगरेशन उतरवा. इतकी वर्षं चाललेली यंत्रं बंद केली की पुन्हा उठतीलच असं नाही. शेजारी नवा लावून एकेक वायर सरकवा. आणि कॉन्टॅक्टच्या खणात काय भरलंत ते सांगितलं नाहीत.

---

लॅबवाला | शनिवार, सकाळी ९:०५

चार स्विचवर जुन्या सरांचा मोबाइल नंबर होता. परवा लावून पाहिला. त्यांनी उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले, 'जिमखान्यातला गेला का रे?'

आता सगळीकडे प्रयोगशाळेचा एक्स्टेंशन नंबर टाकलाय. जिमखान्यातल्यावर सरांचा तसाच ठेवलाय.

---

वायरमन | शनिवार, सकाळी ९:१२

त्या जिमखान्यातल्याचं तरी नाव रायगड ठेवा हो.